करंगळीची जागा

पिस्तुलांच्या दुकानात बाई शिरली की काउंटरमागचा माणूस बहुतेक वेळा काचेच्या कपाटातलं सगळ्यात छोटं पिस्तूल काढून तिच्यापुढे ठेवतो. हात लहान, म्हणून पिस्तूल लहान. शिवाय कपड्यांखाली लपवायचंय, मग तर लहानच बरं. ऐकायला पटतं. पण कुणाच्या सोबतीला म्हणून मी अशा दुकानात गेले की नळीची लांबी, वजन, किंमत हे सगळं नंतर बघते. आधी बघते ती करंगळी. पिस्तूल नीट धरल्यावर करंगळीला टेकायला जागा मिळते, की ती मुठीच्या खाली हवेत लोंबकळत राहते? अंगावर बाळगायच्या पिस्तुलाचा निम्मा निकाल माझ्या लेखी तिथेच लागतो.

ह्यूस्टनच्या पश्चिमेकडच्या एका उपनगरात माझं टॅक्सचं छोटं ऑफिस आहे. जानेवारी संपत आला की कामाचा रेटा सुरू होतो, तो थेट १५ एप्रिलपर्यंत. त्या दिवसांत रात्री दहा-साडेदहाला एकटीने दाराला कुलूप लावून अंधाऱ्या पार्किंगमधून गाडीपर्यंत जाणं नेहमीचंच. बंदूक बाळगावी की नाही यावर आमच्याकडे जेवणाच्या टेबलावर कडाक्याचे वाद होतात आणि नको म्हणणाऱ्यांचं मी मनापासून ऐकते. घरात बंदूक असणं हीच एक जोखीम आहे, हे त्यांचं म्हणणं खरंच आहे. सगळा विचार करून मी बाळगायचं ठरवलं. ज्यांनी तसं ठरवलंय किंवा जे त्या विचारात आहेत, त्यांच्यासाठी हे लिहितेय. मराठीत याबद्दल कुणी सविस्तर बोलत नाही आणि मग आपली माणसं जाहिरातीतलं चित्र बघून पाच-सहाशे डॉलर टाकून मोकळी होतात.

कायद्याचं आधी सांगते, कारण तिथेच अनेकांचा प्रश्न मिटतो. एच-वन किंवा विद्यार्थी व्हिसावर असलेल्यांना फेडरल कायद्यानुसार, शिकारीच्या परवान्यासारखे मोजके अपवाद सोडले तर, बंदूक जवळ ठेवताच येत नाही. ग्रीन कार्ड मिळेपर्यंत विषय बंद. टेक्सासमध्ये १ सप्टेंबर २०२१ पासून २१ वर्षांवरच्या, कायद्याने बंदूक बाळगायला पात्र असलेल्या माणसाला परवान्याशिवायही पिस्तूल अंगावर बाळगता येतं. तरी मी एलटीसी, म्हणजे राज्याचा परवाना, काढलेला आहे आणि भेटेल त्याला काढायला सांगते. शाळेपासून हजार फुटांच्या आत बंदूक नेण्यावर फेडरल बंदी आहे, तिच्यातून राज्याचा परवानाधारक सुटतो. रोजच्या रस्त्यावर एखादी तरी शाळा लागतेच. शाळेच्या इमारतीत मात्र परवाना असला तरी नाही. फी ४० डॉलर आहे. एवढ्यासाठी कायद्याच्या कडेवरून चालायचं कशाला?

आता मुद्द्यावर येते. अंगावर बाळगायचं पिस्तूल दोन बाजूंनी ओढलं जातं. एका बाजूला, ते दिवसभर अंगावर राहायला हवं, उठता-बसता टोचता कामा नये, दिसता कामा नये. दुसऱ्या बाजूला, घाबरलेल्या अवस्थेत, थरथरत्या हातांनीही त्यातून गोळी नेमकी हवी तिथेच जायला हवी. पहिली ओढ पिस्तूल लहान करत नेते, दुसरी मोठं. दोन्ही खऱ्या आहेत.

पहिल्या ओढीबद्दल बोलायचं तर टेक्सासमध्ये एक आठवण अजून ओली आहे. १६ ऑक्टोबर १९९१ रोजी किलीन गावातल्या लूबीज कॅफेटेरियात एका माणसाने पिकअप ट्रक खिडकी फोडून आत घातला आणि २३ जणांना गोळ्या घालून मारलं. सुझाना हप तिथे आईवडिलांबरोबर जेवत होत्या. त्यांचं रिव्हॉल्व्हर बाहेर गाडीत होतं. तेव्हाच्या कायद्यानुसार ते अंगावर बाळगणं गुन्हा होता आणि पकडलं गेलं तर कायरोप्रॅक्टरचा आपला परवाना जाईल अशी त्यांना धास्ती होती. त्यांचे आई आणि वडील दोघेही त्या दिवशी गेले. पुढे वर्षानुवर्षं त्या साक्षी देत राहिल्या, १९९५ मध्ये राज्याचा कायदा बदलला आणि नंतर त्या स्वतः आमदार झाल्या. कायद्याच्या बाजूने किंवा विरोधात बोलणारे सगळेच ही हकीकत सांगतात. माझ्या मनात तिचा एक साधा भाग घर करून राहिलाय: रिव्हॉल्व्हर गाडीत होतं. आज कायदा आड येत नाही, पण जड, टोचणारं, कपड्यांतून डोकावणारं पिस्तूल माणूस तसंच गाडीत ठेवतो, मग घरी ठेवतो, मग विसरतो. आणि गाडीत ठेवलेलं पिस्तूल चोराच्या हाती लागू शकतं. त्यामुळे ‘दिवसभर सहन होतं का’ हा प्रश्न मी चैनीचा मानत नाही.

पण लहान म्हणजे नक्की कुठे लहान? इथे ग्लॉक कंपनीची तीन पिस्तुलं शेजारी ठेवली की बरंच काही कळतं, आणि नेमबाजीच्या बऱ्याच रेंजवर ती भाड्याने मिळतात. ४३, ४३एक्स आणि ४८. तिन्ही ९ एमएमची, तिन्ही सडपातळ. ४३ ची उंची, म्हणजे वरपासून मुठीच्या तळापर्यंत, १०८ मिलिमीटर. ४३एक्सची १२८. नळी दोघांची सारखीच, साडेआठ सेंटिमीटरच्या जरा वर. म्हणजे कंपनीने मुख्यतः मूठ दोन सेंटिमीटर वाढवली, त्याबरोबर मॅगझिनमधल्या, म्हणजे मुठीत बसणाऱ्या डबीतल्या, गोळ्या ६ च्या १० झाल्या. ४८ मध्ये ४३एक्सचीच मूठ ठेवली आणि नळीची बाजू दोन सेंटिमीटरने वाढवली. तेवढेच दोन सेंटिमीटर, एकदा खाली आणि एकदा पुढे.

अंगावर घालून बघितलं की फरक लगेच जाणवतो. पुढे वाढलेले दोन सेंटिमीटर पँटच्या आत खाली जातात. ते कुणालाच दिसत नाहीत. उलट, खाली थोडं जास्त वजन आणि लांबी गेल्यामुळे पिस्तुलाचा वरचा भाग बाहेरच्या बाजूला कलायचा थांबतो. खाली वाढलेले दोन सेंटिमीटर मात्र पट्ट्याच्या वर, कपड्याखाली आडवे बाहेर येतात. लपवताना सगळी अडचण मुठीची असते. नळी लपूनच असते. आणि नेम धरताना, धक्का सोसताना कामाला येते तीही मूठच. दोन्ही ओढी याच दोन सेंटिमीटरवर येऊन भिडतात. दुकानात मात्र लोक नळीची लांबी विचारत बसतात आणि तिथे वाचवतात, तिथे वाचवून हाती फारसं काहीच लागत नाही.

मुठीचं एवढं महत्त्व का, ते रेंजवर उभं राहिल्यावर कळतं. छोट्या मुठीचं पिस्तूल मी पहिल्यांदा हातात घेतलं तेव्हा मधलं बोट आणि अनामिका मुठीवर बसली, करंगळी खाली घसरली. पहिली गोळी जिथे मारायची होती त्याच्या जवळपास गेली. गोळी सुटताच पिस्तूल वर उसळलं आणि तळहाताच्या मांसल भागात किंचित फिरलं. दुसऱ्या गोळीसाठी मला मूठ पुन्हा जुळवावी लागली. ते जुळवण्याची घाई ट्रिगरच्या बोटात उतरली आणि ती गोळी खाली डावीकडे गेली. शिकवणारे गृहस्थ निवृत्त पोलीस. त्यांनी कागदाकडे न बघता माझ्या हाताकडे बघितलं आणि म्हणाले, “तुमची पहिली गोळी तुमची होती. दुसरी पिस्तुलाने मारली.” मग त्यांनी मॅगझिनला तळाशी पुढे आलेला एक प्लॅस्टिकचा ओठ असलेली टोपी बसवून दिली, करंगळीला टेकू मिळेल अशी. तेच पिस्तूल, त्याच गोळ्या. उसळणं कमी झालं नाही, पण पिस्तूल हातात फिरायचं थांबलं आणि दुसरी गोळी पहिलीच्या शेजारी जाऊन बसली.

यामागचा हिशेब सोपा आहे. गोळी तीच, म्हणून तिचा उलटा जोरही तोच. पिस्तूल हलकं झालं की तोच जोर त्याला जास्त वेगाने मागे फेकतो. ग्लॉक १९, जे १९८८ पासून पोलिसांपासून सामान्यांपर्यंत सगळ्यांच्या कमरेला दिसतं, ते १५ गोळ्या भरून साधारण साडेआठशे ग्रॅम भरतं. सिग सावरचं पी३६५, ज्याने २०१८ मध्ये एवढ्याशा पिस्तुलात १० गोळ्या बसवून सगळ्या कंपन्यांना कामाला लावलं, ते भरलेलं सव्वासहाशेच्या आसपास. एवढा फरक मनगटाला चांगलाच कळतो. ट्रिगरचीही तीच गोष्ट. अशा पिस्तुलांचा ट्रिगर ओढायला साधारण अडीच किलोचा जोर लागतो. म्हणजे एक बोट पिस्तुलाच्या वजनाच्या तीन-चारपट जोर लावणार आणि त्याच वेळी पिस्तुलाने जागचं हलायचं नाही. त्याला धरून ठेवणार कोण? बाकीची बोटं. त्यांतलं एक कमी झालं की काय होतं ते मी वर सांगितलंच.

एलटीसीच्या परीक्षेत ५० गोळ्या मारायच्या असतात: ३ यार्डांवरून २०, ७ वरून २० आणि १५ वरून १०. एकूण गुण २५०, पास व्हायला १७५. पहिली दोन अंतरं इतकी जवळची आहेत की कोणत्याही पिस्तुलाने जमतं. १५ यार्डांवर छोट्या मुठीचा आणि छोट्या नळीचा हिशेब चुकता होतो, कारण मागच्या आणि पुढच्या साईटमधलं, म्हणजे नेम धरायच्या खुणांमधलं, अंतर कमी असलं की हातातली केसभर चूक कागदावर वीतभर दिसते. कुठलंही पिस्तूल विकत घेण्याआधी ते भाड्याने घेऊन ही परीक्षा त्याच्यावर देऊन बघावी, असं माझं ठाम मत आहे. दुकानात हातात धरून छान वाटणं आणि पन्नासावी गोळी मारतानाही छान वाटणं यांत फार अंतर आहे.

आरशासमोरची परीक्षा मात्र घरी, आणि ती पिस्तूल रिकामं करून. रिकामं म्हणजे मॅगझिन काढून, चेंबर, म्हणजे नळीच्या मागची गोळी बसायची जागा, डोळ्यांनी बघून, बोट घालून चाचपून, आणि गोळ्या दुसऱ्या खोलीत ठेवून. मग होल्स्टर, म्हणजे पिस्तुलाचं म्यान, कमरेला लावायचं आणि दिवसभरात जे करतो ते सगळं करायचं. खुर्चीत बसायचं. गाडीचा पट्टा लावायचा. खालच्या कप्प्यातली फाइल काढायची. वरच्या फळीवरचं खोकं उतरवायचं. माझ्या उजव्या कमरेवर, जिथे बहुतेक पुरुष बाळगतात, तिथे पिस्तुलाची मूठ थेट बरगडीत रुतायची. बायकांचा नितंबाचा उतार खालच्या टोकाला बाहेर ढकलतो, त्यामुळे वरचं टोक आत येतं. वाकले की उलट व्हायचं: मूठ कुर्त्याच्या पाठीतून असा कोपरा काढायची की कुणीही ओळखावं. पोटासमोर, नाभीच्या जरा उजवीकडे सरकवल्यावर दोन्ही त्रास गेले. वाकलं तरी कापड पुढे सुटं पडतं, मूठ झाकलेलीच राहते. चांगल्या होल्स्टरच्या कडेला प्लॅस्टिकचा एक छोटा पंख असतो. तो पट्ट्याच्या आतल्या बाजूला टेकतो आणि मुठीला पोटाकडे वळवतो. सगळी अडचण मुठीची असते म्हणाले ती अशी: हा पंख फक्त मुठीसाठीच जन्माला आलाय. चाळीस-पन्नास डॉलरचं होल्स्टर आणि न वाकणारा पट्टा घेतला तर ४३एक्सएवढी मूठ ह्यूस्टनच्या ऑगस्टमध्ये, एका पातळ सुती कुर्त्याखालीही लपते. होल्स्टरवर पैसे वाचवणारी माणसं मग पिस्तूल आणखी लहान घेतात. मला हे फार चुकीचं वाटतं.

पोटासमोर बाळगायचं म्हणजे नळीचं तोंड मांडीकडे, हे ऐकून लोक दचकतात आणि दचकायलाच हवं. म्हणूनच होल्स्टर कडक हवं, कायडेक्सचं किंवा तसल्याच पक्क्या प्लॅस्टिकचं, ट्रिगर आणि त्याभोवतीची कडी पूर्ण झाकणारं. मऊ कापडी होल्स्टर ट्रिगरमध्ये घुसू शकतं. पिस्तूल होल्स्टरमध्ये परत घालतानाच सगळ्यात जास्त जपायचं असतं. कापडाची कड, जॅकेटची दोरी, काहीही आत अडकू शकतं. बाहेर काढायची घाई असू शकते. परत घालायची घाई कधीच नसते. मी कुर्ता डाव्या हाताने छातीपर्यंत उचलते, खाली बघते, बोट बाहेर सरळ ठेवते आणि सावकाश घालते. शक्यतो तर होल्स्टरसकटच काढते आणि होल्स्टरसकटच लावते, म्हणजे ट्रिगर उघडा पडतच नाही.

“चेंबर रिकामं ठेवलं तर?” हा प्रश्न मला आपल्या प्रत्येक माणसाने विचारलाय. नळीत गोळी नाही, म्हणजे अपघात नाही. विचार योग्य दिशेचा आहे. पण मग वेळ आल्यावर गोळी चेंबरमध्ये आणण्यासाठी स्लाइड, म्हणजे पिस्तुलाचा वरचा सरकता भाग, ओढायला दुसरा हात मोकळा हवा, आणि तो तेव्हा मुलाला मागे ढकलत असतो किंवा समोरच्याला थोपवत असतो. माझं मत असं की ज्याला भरलेल्या चेंबरची भीती वाटते त्याने आधी आपल्या होल्स्टरवर आणि बोटावर विश्वास बसेपर्यंत घरात रिकामं पिस्तूल घालून वावरावं, भरलेलं बाळगायची घाई करू नये. अंगठ्याने सरकवायची वेगळी सेफ्टी असलेली पिस्तुलंही मिळतात. तीही वाईट नाहीत, फक्त ती सरकवणं प्रत्येक सरावात हाताच्या वळणी पडायला हवं.

विश्वासार्हतेबद्दल लिहायला फार नाही, पण जे आहे ते टाळता येणार नाही. लहान पिस्तुलात स्लाइड हलकी, तिचा प्रवास आखूड आणि स्प्रिंग कडक. चुकीला जागा कमी उरते. मनगट सैल पडलं तर स्लाइडला मागे जायला जो घट्ट आधार हवा तो मिळत नाही आणि रिकामं काडतूस बाहेर पडता पडता अडकतं. करंगळीचा इथेही संबंध आहेच. किमान दोनशे साध्या गोळ्या आणि जी गोळी प्रत्यक्ष भरणार तिच्या पन्नास, एकदाही न अडकता गेल्याशिवाय मी कुठलंही पिस्तूल बाळगण्यालायक धरत नाही. सरावाच्या एका गोळीला पंचवीस-तीस सेंट पडतात, प्रत्यक्ष भरायच्या गोळीला डॉलरच्या आसपास. पिस्तुलाच्या किमतीत हा खर्च आधीच धरावा. नाहीतर तो कधीच होत नाही.

प्रत्यक्ष भरायची ती गोळी कुठली, यालाही इतिहास आहे. ११ एप्रिल १९८६ रोजी मायामीत दोन दरोडेखोरांशी झालेल्या चकमकीत एफबीआयचे दोन एजंट मारले गेले. एका दरोडेखोराला सुरुवातीलाच ९ एमएमची गोळी लागली होती, पण ती हृदयाच्या थोडी अलीकडे थांबली आणि तो लढत राहिला. त्यानंतर एफबीआयने जिलेटिनच्या ठोकळ्यांवर पद्धतशीर चाचण्या सुरू केल्या: जाड कपड्यांतून जाऊनही गोळी किमान १२ इंच शिरायला हवी आणि १८ इंचांच्या पुढे जाऊ नये. आधी त्यांनी मोठ्या काडतुसांकडे धाव घेतली, १० एमएम, मग .४० कॅलिबर. पुढे ९ एमएमच्या गोळ्याच इतक्या सुधारल्या की गेल्या दशकात ते पुन्हा ९ एमएमवर आले. कारणांमध्ये एक हेही होतं की त्याने एजंटांचा नेम चांगला लागतो. माझ्यासारखीला यातून एवढंच घ्यायचं: या चाचणीत उतरलेली गोळी निवडायची, आणि ती आखूड नळीतूनही नीट उमलते, म्हणजे आत शिरल्यावर पसरते ना, ते बघायचं, कारण नळी आखूड झाली की वेग घटतो आणि काही गोळ्या मग उमलतच नाहीत. १८ इंचांची ती वरची मर्यादाही माझ्यासाठी महत्त्वाची. माझ्या ऑफिसची भिंत म्हणजे ड्रायवॉलचे, म्हणजे जिप्समचे, दोन पातळ तक्ते आणि पलीकडे मुलांचा ट्यूशन क्लास. चुकलेली गोळी ती भिंत सहज ओलांडेल. तिची जबाबदारी माझी, कायद्याने आणि मनाने.

म्हणून ज्या पिस्तुलाने मला नेम नीट लावता येतो तेच माझं. मी ४३एक्सच्या मापाचं, लांब मुठीचं आणि सडपातळ पिस्तूल घेतलं. ग्लॉक १९ मला आजही त्याच्याहून चांगलं चालवता येतं, हे कबूल करायला हवं. उंची दोघांची सारखी, पण त्याची जाडी साडेतीन सेंटिमीटरच्या घरात, माझ्या पोटावर आठ तास न पेलणारी. जाडी थोडी कमी केली, मूठ कमी केली नाही. माझ्याहून धिप्पाड माणसाने १९ च घ्यावं. पी३६५ सारखं छोटं पिस्तूल ज्यांच्या तळहातात पूर्ण मावतं, तीन बोटं नीट टेकतात, त्यांनी बेलाशक तेच घ्यावं. माझ्या एका मैत्रिणीचा हात माझ्याहून लहान आहे आणि तिची करंगळी त्यावर आरामात बसते. हात ज्याचा त्याचा.

घरात मुलं असतील तर आणखी एक. निष्काळजीपणे ठेवलेली भरलेली बंदूक १७ वर्षांखालच्या मुलाच्या हाती लागली तर तो टेक्सासमध्ये गुन्हा आहे. पण कायदा नसता तरी? अंगावर नसेल तेव्हा पिस्तूल कुलुपात, यात मधलं काही नाही. आयआरएसच्या, म्हणजे फेडरल टॅक्स खात्याच्या, इमारतीत जायचं असेल तर तिथे फेडरल बंदी आहे, त्या दिवशी मी ते घरच्या तिजोरीतच ठेवून निघते. गाडीत ठेव-काढ करण्यापेक्षा ते बरं.

मंडळातल्या एक काकू सत्तरीच्या आहेत, काकांच्या पश्चात एकट्या राहतात. त्यांच्या मुलाने त्यांना भेट म्हणून अगदी छोटं पिस्तूल आणून दिलं होतं. अंगठ्यांच्या सांध्यांत संधिवात. मी गेले तेव्हा त्या म्हणाल्या, “अगं, हे मागे सरकतच नाही. माझ्यात जोरच उरला नाही बघ.” जोराचा प्रश्न अर्धाच असतो. डाव्या हाताने स्लाइड वरून घट्ट पकडायची आणि उजव्या हाताने पिस्तूल पुढे ढकलायचं, तोंड सतत सुरक्षित दिशेला. त्यांना ते दाखवलं. थोडं हललं, पण पूर्ण नाही. छोट्या पिस्तुलाची स्प्रिंग कडकच असते, त्यामुळे म्हाताऱ्या हातांना लहान पिस्तूल देणं हा उलटा न्याय आहे. रेंजवर मी त्यांना स्मिथ अँड वेसनचं शील्ड ईझेड भाड्याने घेऊन दिलं. मुद्दाम मऊ सरकणारी स्लाइड आणि पुरेशी लांब मूठ. त्यांनी स्लाइड स्वतः ओढली आणि माझ्याकडे बघून हसल्या.

मग म्हणाल्या, “पण हे मी घेऊन कशी फिरू गं? पर्समध्ये?”

“पर्समध्ये नाहीच, काकू.”

२०१४ च्या डिसेंबरात आयडहोतल्या एका दुकानात दोन वर्षांच्या मुलाने खरेदीच्या गाडीत बसल्या बसल्या आईच्या पर्समधलं पिस्तूल हातात घेतलं आणि आई तिथेच गेली. ती पर्स पिस्तुलासाठीच बनवलेली होती. पर्स खांद्यावरून खाली ठेवली जाते, दुसऱ्याच्या हाती दिली जाते, हिसकावली जाते. हे मी त्यांना सांगितलं. काकूंना दोन नातवंडं आहेत, शनिवारी येतात आणि आजीच्या पर्समध्ये चॉकलेट शोधतात. कमरेला पट्टा लावून बाळगणं त्यांच्या पाठीला झेपणारं नव्हतं. त्या बराच वेळ गप्प बसल्या. मग त्यांनी ठरवलं की अंगावर बाळगायचं नाही. मुलाने दिलेलं पिस्तूल परत केलं, ईझेड घेतलं, आणि त्याबरोबर बोटांच्या बटणांनी उघडणारी लहान तिजोरी, पलंगाशेजारच्या भिंतीला बोल्टने ठोकलेली. नातवंडं यायच्या आधी तिचं दार ओढून बघायची सवय त्यांनी स्वतःच लावून घेतली.